मदत हवी आहे: ऑफिसमधल्या सगळ्यांचं नेट गुपचूप बघायला सांगितलंय, काय करू?

नमस्कार मंडळी,

आमचं बावीस जणांचं ऑफिस. माझं मूळ काम हिशेबाचं, पण राउटर, प्रिंटर, वाय-फायचे पासवर्ड हे सगळं हळूहळू माझ्याकडेच आलं. गेले दोन महिने सकाळी अकराच्या सुमारास नेट रखडतं. व्हिडिओ कॉल मध्येच तुटतात, ग्राहक ताटकळतात. साहेबांची खात्री आहे की लोक कामाच्या वेळात व्हिडिओ बघत बसतात. त्यांनी मला सांगितलंय की दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर टाक, आणि कुणाला कळू देऊ नकोस.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. या लोकांच्या शेजारी बसून मी सात वर्षं काम केलंय. एकीच्या आईचे उपचार चालू आहेत, ती जेवणाच्या सुट्टीत रिपोर्ट उघडून बघते. एक जण बँकेची कामं तिथूनच उरकतो. ते सगळे फोटो माझ्या फोल्डरमध्ये येणार. मला ते बघायचे नाहीत, आणि बघितल्यावर त्यांच्याशी पूर्वीसारखं बोलताही येणार नाही.

साहेब वाईट नाहीत. धंदा मंदीत होता तेव्हाही पगार त्यांनी कधी थकवला नाही. म्हणून नुसतं ‘नाही’ म्हणून मोकळं व्हायचं नाहीये, त्यांच्या अडचणीला उत्तर द्यायचंय. कुणी काय वाचलं हे न बघता नेट कुठे खर्च होतंय ते कळतं का?

आणखी एक. राउटरचा लॉग, म्हणजे कोणता कॉम्प्युटर कोणत्या साइटकडे गेला याची नोंद, मी एक दिवस चालू करून बघितला. एका नवीन मुलाच्या नावावर सोशल मीडियाच्या साइटच्या ओळीच ओळी आल्या. तो मुलगा माझ्या समोर बसतो, दिवसभर बिलं भरत होता. हे कसं?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण अशा लॉगवरून माणसाची नोकरी जाऊ शकते. बातम्यांचं किंवा खरेदीचं एक पान उघडलं तरी त्यात जाहिराती, लाइकची बटणं, दुसरीकडून आणून बसवलेले व्हिडिओ असतात. त्यातला प्रत्येक तुकडा आपापल्या सर्व्हरकडे विचारणा करतो. लॉगमध्ये त्या सर्व्हरचं नाव येतं, तिथे माणूस स्वतः गेला असो वा नसो. शिवाय मागे उघडी राहिलेली टॅब तासन्‌तास आपणहून ताजी होत राहते. नोंदींची संख्या म्हणजे बघण्यात घालवलेला वेळ नव्हे, हे साहेबांना आधी सांगा.

राउटरला दिसतं किती? आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर असतात. त्यामुळे साइटचं नाव साधारणपणे कळतं, पण कोणतं पान उघडलं आणि त्यावर काय लिहिलं ते कळत नाही. आतलं वाचायचं तर प्रत्येक कॉम्प्युटरवर कंपनीचं स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कॉम्प्युटरने कुणावर विश्वास ठेवायचा ते सांगणारं डिजिटल ओळखपत्र) टाकावं लागतं आणि सगळी वाहतूक मधल्या प्रॉक्सीवर, म्हणजे मध्ये बसवलेल्या कॉम्प्युटरवर, उघडावी लागते. मग बँकेचा पासवर्डही तिथे उघडा पडतो. त्या प्रॉक्सीत कुणी घुसलं तर बावीस जणांचं सगळंच गेलं. एवढी जोखीम कशासाठी घ्यायची?

तुम्हाला हवंय ते सोपं आहे. कोणत्या उपकरणाने किती डेटा ओढला आणि किती वाजता, एवढंच बघा. बऱ्याच राउटरमध्ये ही सोय असते. फक्त राउटरच्या डीएचसीपीमध्ये (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) प्रत्येक उपकरणाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, आधी पक्का करून घ्या. पत्ते बदलत राहिले तर एकाचा डेटा दुसऱ्याच्या नावावर चढतो.

प्रतिसाद २

‘कुणाला कळू देऊ नकोस’ हे सगळ्यात गंभीर आहे. रोमानियातल्या बर्बुलेस्कू यांचा खटला साहेबांना जरूर सांगा. ग्राहकांना उत्तरं देण्यासाठी कंपनीच्या सांगण्यावरून त्यांनी याहू मेसेंजरचं खातं उघडलं होतं. कंपनीने ते संदेश तपासले, त्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेलं खासगी बोलणंही होतं, आणि 2007 मध्ये त्यांना काढून टाकलं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयात 2016 मध्ये ते हरले, पण 5 सप्टेंबर 2017 रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 11 विरुद्ध 6 मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. वैयक्तिक वापराला कंपनीत बंदी होती आणि ते त्यांना माहीत होतं. तरीही तपासणी होणार, ती कशी आणि किती खोलवर, हे आधी सांगितलं होतं का, आणि कमी घुसखोरीचा मार्ग होता का, याकडे रोमानियातल्या न्यायालयांनी नीट पाहिलं नाही, असं पीठाचं म्हणणं होतं. तो निकाल सगळ्या देशांना लागू नाही, तुमच्याकडचा कायदा वकिलाला विचारा. पण साहेबांपुढे हेच दोन प्रश्न ठेवा.

प्रतिसाद ३

मी स्वतः माणसं कामाला ठेवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कॉम्प्युटर कंपनीचे, नेट कंपनीचं, आणि त्यावरून व्हायरस शिरला तर भुर्दंड मालकालाच. घातक साइट आणि टॉरेंट (लोकांनी एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइली उतरवण्याची सोय) बंद करायला कुणाची परवानगी लागू नये. मात्र काय बंद आहे आणि काय नोंदवलं जातं ते एका कागदावर लिहून सगळ्यांना वाचायला द्या. आमच्याकडे तसं केलं आणि निम्म्या तक्रारी तिथेच थांबल्या.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उपकरणवार आकडे बघितले. सगळ्यात जास्त डेटा खात होता डिझाइनच्या कॉम्प्युटरचा क्लाउड बॅकअप. कुणीतरी तो रोज सकाळी अकराला लावून ठेवला होता, आणि अपलोडची सगळी क्षमता तोच खाऊन टाकत होता. रात्रीची वेळ लावली. काल आणि आज एकही कॉल तुटला नाही.

आकडे आणि तो खटला, दोन्ही साहेबांसमोर ठेवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, स्क्रीनचे फोटो नकोत, पण घातक साइट बंद कर आणि तो कागद लिहून आण. आज रात्री लिहायला बसतेय. एकाच मुद्द्यावर अडलेय: साइटच्या नावांचा लॉग ठेवलाच तर किती दिवसांनी पुसायचा, आणि साहेबांनाही तो एकट्याने उघडता येऊ नये असं लिहिलं तर चालेल का? ज्यांनी असा कागद केला आहे त्यांनी कृपया सांगा.