मोगऱ्याची छाटणी याच आठवड्यात का?

ए-२०४ : सर्वांना नमस्कार. आमच्या उत्तरेकडच्या गॅलरीतील मोगरा वर्षभर हिरवागार असतो आणि दर पंधरा दिवसांनी मी त्याला शेंगदाणा पेंडीचे पाणीही घालते. तरी मागच्या उन्हाळ्यात सगळी मिळून सात-आठ फुले आली. कुंडी बदलावी का?

सी-५०१ : कुंडी तूर्त राहू द्या, पेंड मात्र थांबवा. पेंडीत नत्र भरपूर असते आणि नत्राने पालाच माजतो. मोगऱ्याला थंडीत विश्रांती लागते. डिसेंबरपासून पाणी तोडत न्यायचे, पाने मलूल होऊन पिवळी पडू लागली तरी घाबरायचे नाही, आणि जानेवारीच्या अखेरीस सगळ्या फांद्या बुडापासून वीतभर ठेवून छाटायच्या व उरलेली पाने हातानेच काढून टाकायची. कळ्या धरतात त्या नव्या फुटीच्या शेंड्यावर; जुन्या फांद्या तशाच ठेवल्या की झाड नुसते लांबत जाते. छाटल्यावर वरची दोन बोटे माती उकरून दोन-तीन दिवस उन्हात तापू द्या, मग ओंजळभर कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून माती पुन्हा ओढून घ्या आणि त्या दिवशी भरपूर पाणी द्या.

बी-१०३ : काकू म्हणतात तसे मी गेल्या वर्षी केले. बोडके झाड पाहून सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत; पुढे मार्चअखेर पहिल्या कळ्या त्यांनाच दिसल्या.

ए-२०४ : मी अजूनही रोज पाणी घालत आहे. म्हणजे या वर्षीचा हंगाम गेला का?

सी-५०१ : नाही. आठवडाभर पाणी बंद ठेवा आणि मग छाटा. फूल थोडे उशिरा येईल, एवढेच.

डी-३०२ : छाटणी योग्यच आहे, परंतु मला खरी अडचण गॅलरीच्या दिशेची वाटते. मोगऱ्याला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. सूर्य या दिवसांत दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत आत्ता उन्हाची तिरीपही येत नाही. पुण्यात मेच्या मध्यावर तो डोक्यावर येतो आणि त्यानंतर काही आठवडे उत्तरेला असतो, पण तोवर मोगऱ्याचा बहर ओसरत आलेला असतो. समितीची हरकत नसेल तर ताईंनी कुंडी मेअखेरपर्यंत गच्चीवर ठेवावी.

सचिव : हरकत नाही. कुंडी कठड्यावर न ठेवता पाण्याच्या टाकीजवळ दोन विटांवर ठेवावी, म्हणजे निचऱ्याचे भोक मोकळे राहील व स्लॅबवर ओल धरणार नाही.

ए-२०४ : आभारी आहे. फांद्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे काहीतरी दिसते, त्याचे काय करावे?

सी-५०१ : तो पिठ्या ढेकूण आहे. छाटलेल्या फांद्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका, पिशवीत बांधून द्या. कात्री माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी घेऊन येते.