मदत हवी आहे: कार्बन डायऑक्साइडला मिळणाऱ्या श्वसनाच्या प्रतिसादाची मोजणी दोन भेटींत जुळत नाही

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. प्राणायामाच्या नियमित सरावाने कार्बन डायऑक्साइडला मिळणारा श्वसनाचा प्रतिसाद, म्हणजे हा वायू शरीरात वाढला की श्वसन किती वाढते ते, बदलतो का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. हठयोगाचा दीर्घ सराव असणाऱ्यांमध्ये हा प्रतिसाद मंद असल्याचे निरीक्षण १९८१ सालीच प्रसिद्ध झाले आहे. परंतु सरावाच्या आधी आणि नंतर अशी तुलना करायची, तर मधल्या काळात काहीच न केलेल्या माणसाची मोजणी दोन्ही वेळा कितपत जुळते, हे अगोदर ठाऊक असायला हवे. माझे काम तिथेच अडले आहे.

रीड यांनी १९६७ मध्ये मांडलेली रिब्रीदिंगची (सोडलेलाच श्वास पुन्हा घेण्याची) पद्धत आम्ही वापरतो. पिशवीत ७ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी ऑक्सिजन असतो. व्यक्ती सुमारे चार मिनिटे त्याच पिशवीतून श्वास घेते आणि तीतच सोडते. हवेचा दाब ७६० मिमी पारा धरून त्यातून शरीराच्या तापमानाला असणाऱ्या बाष्पाचे ४७ मिमी वजा केले, तर ७ टक्के म्हणजे जवळपास ५० मिमी होतात, आणि फुप्फुसांकडे येणाऱ्या रक्तातील पातळी याच्या जवळपास असते. त्यामुळे पिशवी, फुप्फुसे आणि रक्त यांतील पातळी लवकर एकसारखी होते आणि त्यानंतर शरीरात तयार होणाऱ्या वायूमुळे ती सावकाश चढत जाते. ऑक्सिजन भरपूर असल्याने मानेतील कॅरोटिड बॉडींचा (रक्तातील वायूंची पातळी ओळखणाऱ्या छोट्या अवयवांचा) सहभाग फार कमी राहतो आणि मुख्यतः मेंदूतील केमोरिसेप्टरांचा (रासायनिक बदल ओळखणाऱ्या पेशींचा) प्रतिसाद दिसतो. सुरुवातीचा मिसळण्याचा काळ वगळून, एंड-टायडल पातळीसमोर (उच्छ्वासाच्या अखेरीस मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या पातळीसमोर) दर मिनिटाचे श्वसन मांडून आम्ही रेषेचा स्लोप, म्हणजे चढ, काढतो.

विश्रांतीतील एंड-टायडल पातळी दोन्ही भेटींत चांगली जुळते. स्लोप मात्र काही व्यक्तींमध्ये इतका हलतो की पुढे सरावानंतर तेवढाच फरक दिसला, तर तो प्राणायामाचा म्हणण्याचे धैर्य मला होणार नाही. चहा-कॉफी आणि जेवण यांवर बंधन आहे, वेळ शक्यतो तीच ठेवतो आणि ल्युटिअल टप्प्यात (मासिक चक्राच्या उत्तरार्धात) प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वसन वाढते म्हणून स्त्रियांच्या दोन्ही भेटी मासिक चक्राच्या एकाच टप्प्यात ठरवतो. अडचण इथल्या दिनक्रमाची आहे. स्वयंसेवकांपैकी काही जण ऐरोलीत रात्रपाळी करतात, काही ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून उभ्याने येतात, त्यामुळे झोप आणि दमणूक दोन्ही भेटींत सारखी राहीलच असे नाही. आल्यावर शांत बसवतो, पण एका रात्रीच्या जागरणाचा परिणाम तेवढ्याने जात नाही.

दुसरी शंका संख्याशास्त्राची आहे. विभागात आयसीसी (पुन्हा घेतलेल्या मोजण्या किती जुळतात ते ० ते १ मध्ये सांगणारा सहसंबंध गुणांक) काढून तो ०.८ आला की मोजणी विश्वासार्ह मानावी, असा प्रघात आहे. मला हे पुरेसे वाटत नाही, कारण हा प्रतिसाद माणसामाणसांत मुळातच फार वेगळा असतो आणि माणसांमधला फरक मोठा असला की आयसीसी आपोआप चांगला दिसतो. समजा, स्लोपचे प्रमाण विचलन मिमीमागे मिनिटाला १ लिटर आहे आणि आयसीसी ०.८ आहे, तर मोजणीची प्रमाण त्रुटी (एकाच व्यक्तीच्या मोजणीत अपेक्षित चढउतार) सुमारे ०.४५ येते आणि एका व्यक्तीत खरा बदल झाला असे म्हणायला किमान १.२४ चा फरक लागतो. सरासरी स्लोप २ ते ३ च्या आसपास असताना हा फरक फारच मोठा आहे. अशा वेळी स्लोप सोडून ५५ मिमी पातळीवरचे श्वसन हेच मुख्य माप धरावे का? ज्यांनी ही चाचणी प्रत्यक्ष घेतली आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:
तुमची आयसीसीबद्दलची शंका रास्त आहे. सोबत ब्लँड-अल्टमन आलेख (दोन मोजण्यांतील फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा) आणि प्रमाण त्रुटी द्याच. परीक्षकांनाही तेच अधिक उपयोगी पडेल. मात्र माप बदलण्यापूर्वी फरक कुठून येतो ते वेगळे काढा. प्रत्येक भेटीत एंड-टायडल पूर्ववत होईपर्यंत विश्रांती देऊन चाचणी दोनदा घ्या. एकाच दिवसातील दोन स्लोप जुळत असतील आणि दोन दिवसांतले जुळत नसतील, तर झोपेकडे आणि दमणुकीकडे बघा. एकाच दिवसातलेही जुळत नसतील, तर आधी उपकरण तपासा. तीन लिटरच्या सिरिंजने फ्लो आणि ज्ञात वायूने ॲनालायझर, हे दोन्ही चाचणीच्या आधी आणि नंतर तपासावेत. पावसाळ्यात आपल्याकडे सॅम्पल लाइनमध्ये (ॲनालायझरकडे वायू नेणाऱ्या नळीत) पाणी साचते आणि वायूचा संकेत उशिरा पोहोचतो. हा उशीर फ्लोशी नीट जुळवला नाही, तर श्वास वेगवान होताच चूक वाढते.

आणखी एक पाहा. एका भेटीत चाचणी ५६ मिमीला थांबली आणि दुसऱ्या भेटीत ६२ पर्यंत गेली, तर पहिल्या रेषेचा स्लोप मुळातच अधिक अनिश्चित असतो, कारण तिला पसरायला जागाच कमी मिळालेली असते. दोन्ही भेटींसाठी पातळीचा एकच पट्टा ठरवून पुन्हा गणित करा. ५५ मिमीवरचे श्वसन नोंदींच्या मध्यावर वाचले जाते, म्हणून ते अधिक स्थिर दिसेल. परंतु प्रतिसाद सुरू होण्याची पातळी सरकली तरी ते बदलते आणि प्राणायामाने नेमके काय बदलले हे त्यावरून कळत नाही. म्हणून दोन्ही मापे द्या, पण मुख्य कोणते ते निकाल पाहण्याआधी लिहून ठेवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. चाचणी कुठे थांबली हे आम्ही नोंदवले आहे, त्यामुळे समान पट्ट्याचे गणित जुन्या नोंदींवरच करता येईल. एक उपप्रश्न राहतो: माउथपीस आणि नाकाचा चिमटा लावल्यानेच श्वासाची धाटणी बदलते, तेव्हा पहिल्या भेटीआधी केवळ सवयीसाठी एक चाचणी घेऊन ती हिशोबात धरू नये, असे आपण सुचवाल का?