'पेज-टर्नर'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'थरारकथा' की 'रहस्यकथा'?

शब्दवेडी
एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करते आहे. खून, पाठलाग, हाताशी थोडेच तास आणि दोन-तीन पानांची प्रकरणं. आतला मजकूर बराचसा मार्गी लागलाय, अडलंय ते मलपृष्ठावर. मूळ पुस्तकावर अभिप्राय म्हणून एकच शब्द छापलाय: 'पेज-टर्नर', म्हणजे पानामागून पान उलटायला लावणारं पुस्तक. मी 'उत्कंठावर्धक' लिहिलं. संपादकांनी ते खोडलं, म्हणाले परीक्षणांत वापरून वापरून हा शब्द गुळगुळीत झालाय. 'वेगवान' लिहिलं तर ती मोटारीची जाहिरात वाटते म्हणाले. त्याच कागदावर मी कादंबरीला 'रहस्यकथा' म्हटलं होतं, तेही त्यांना पटलं नाही. खुनी कोण हे वाचकाला चौथ्या प्रकरणातच कळतं, मग रहस्य कुठे उरलं? 'थरारकथा' करा, असं त्यांचं म्हणणं. मला 'थरारकथा' बातमीच्या मथळ्यासारखा वाटतो. आमच्या घरी नाशिकला अशा सगळ्या पुस्तकांना 'रहस्यकथा'च म्हणत, आत रहस्य असो वा नसो.
तर 'पेज-टर्नर'साठी तुम्ही काय म्हणता? आणि या दोन कथांमध्ये तुमच्या बोलण्यात खरंच फरक आहे का?

पासधारक
नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने वर्षानुवर्षं मुंबई केली. आमच्या डब्यात तिसराच शब्द होता: 'डिटेक्टिव्ह'. "डिटेक्टिव्ह आहे का? झालं की इकडे द्या." पुस्तक मराठी असो की इंग्रजी, त्यात डिटेक्टिव्ह नावाचा माणूस असो की नसो. इगतपुरीच्या आत पहिला मुडदा पडला नाही तर ते पुस्तक परत पिशवीत जायचं. कसारा घाटातल्या बोगद्यात डब्यातला दिवा गेला की शेजारचे गृहस्थ चालू ओळीवर बोट दाबून धरायचे आणि उजेड आला की त्याच शब्दापासून पुढे. 'उत्कंठावर्धक' कोणी म्हटल्याचं आठवत नाही. 'सुटत नाही' म्हणायचे. "कसं आहे?" "सुटत नाही." एवढंच.

गोदातीर
संपादकांचं म्हणणं बरोबर आहे. दोन्हींचा ओढा वेगळ्या दिशेला असतो. रहस्यकथेत मोठी घटना आधीच घडून गेलेली असते आणि वाचक मागे मागे जातो: कोणी केलं, कसं केलं, का केलं. थरारकथेत घटना पुढे घडायची असते आणि ती टळते का हे बघायला वाचक धावतो. हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. दोघं गप्पा मारतायत आणि बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब ठेवलाय हे प्रेक्षकाला आधी सांगितलं, तर त्याच रटाळ गप्पा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात. दुसऱ्या प्रकारात लपवलेलं काहीच नाही, म्हणून 'रहस्य' चालणार नाही.

कारंजा
गोदातीर, याचा पुरावा माझ्याकडे आहे. रविवार कारंजाजवळच्या एका भाड्याच्या लायब्ररीत कोणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. एका पुस्तकात नाही, कपाटभर. अक्षर एकच, बारीक आणि उजवीकडे झुकलेलं. मला तेव्हा फार राग यायचा. पण त्यातली काही पुस्तकं नाव कळल्यावर जागीच मेली आणि काही तरीही रात्री जागवून गेली, हेही तेव्हाच लक्षात आलं. नाव कळल्यावरही जे वाचवतं ती थरारकथा. याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

सातपूर
कसोटी छान आहे, पण शब्द कसोटीवर चालत नाहीत, चालीवर चालतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली आणि ती सगळी रहस्यकथा म्हणूनच खपली. त्यांचा नायक झुंजार म्हणजे कोण हे नेहमीच्या वाचकाला ठाऊकच असे, तो पकडला जातो की निसटतो एवढाच प्रश्न. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप मोहिमेवर निघाला की 'कोणी केलं' हा सवालच नसायचा. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आणि त्यांचाच दारा बुलंद यांची जातकुळी पूर्ण वेगळी, तरी लायब्ररीत दोघं एकाच फळीवर. त्या फळीवर चिठ्ठी असायची 'रहस्यकथा'. मराठी वाचकाने हा शब्द कधीच कोशातल्या अर्थाने वापरला नाही. त्याच्या लेखी रहस्यकथा म्हणजे जेवायला हाक आली तरी उठू न देणारं पुस्तक. आता 'थरारकथा' आणून ही फळी कशाला तोडायची?

भगूरचा
सातपूर, रूढ आहे म्हणून योग्य, हा युक्तिवाद मान्य नाही. ज्या गावात सावरकर जन्मले तिथला आहे, म्हणून हा विषय मला जवळचा. 'दिनांक', 'महापौर', 'चित्रपट' हे त्यांचे शब्द आले तेव्हाही 'तारीख' आणि 'मेयर' रूढच होते. रूढीपुढे हात टेकले असते तर हे शब्द मिळालेच नसते. 'थरारकथा' शुद्ध आहे, नेमका आहे, तोच घ्यावा. 'पेज-टर्नर'साठी 'पृष्ठवेधी' सुचवतो. आणि 'गुन्हेगारी कथा' हा तिसरा प्रकार तर बंदच करावा. गुन्हेगारी म्हणजे गुन्हे करण्याचा धंदा. 'गुन्हेगारी कादंबरी' म्हटलं की कादंबरीनेच गुन्हा केल्यासारखं होतं. 'अपराधकथा' म्हणा.

सातपूर
'गुन्हेगारी' बद्दल सहमत, मी 'गुन्हेकथा' म्हणतो. पण 'अपराध' कशासाठी? गुन्हा, खून, फिर्याद, जबाब, जामीन, वकील, फरार, मुद्देमाल. मराठी पोलीसचौकीची ही सगळी भाषा फारसी-अरबीतून आली आणि शतकानुशतकं इथे नांदतेय. मराठीने त्यातल्या काहींचे अर्थही स्वतःचे केले. फारसीत खून म्हणजे रक्त, मराठीत खून म्हणजे जीव घेणं, आणि रक्ताला आपण रक्तच म्हणतो. हे शब्द काढून कादंबरी लिहून बघा. 'आरोपी फरार' हे दोन शब्द वाचकाच्या डोळ्यांखालून सरकतात. 'अभियुक्त पलायित' वाचताना तो थांबतो. आणि या प्रकारच्या पुस्तकात वाचक थांबला की संपलं. वेग कथानकात असतो तेवढाच शब्दांतही असतो, आणि न थांबवणारे शब्द तेच, जे आपण चहाच्या टपरीवर वापरतो.

भगूरचा
'पलायित' मी म्हटलेलं नाही. 'पसार' म्हणा.

सातपूर
'पसार' मलाही आवडतो. 'पृष्ठवेधी' मात्र नाही. वाण्याकडच्या पुडीवरचा कागदही वाचणारा माझा चुलत भाऊ आहे, त्याला विचारलं. पुस्तकाला कसर लागलीय का, असं म्हणाला.

अंजनेरी
वेध वरून आठवलं. इंग्रजीतला 'थ्रिल' मुळात भोक पाडणं, आरपार जाणं या अर्थाचा आहे. जुन्या इंग्रजीतल्या भोकाच्या शब्दावरून तो आला आणि नाकपुडीच्या इंग्रजी शब्दाच्या शेपटीतही तेच भोक लपलंय. म्हणजे थ्रिल ही सुरुवातीला आत घुसणारी, टोचणारी गोष्ट. आता आपल्याकडे बघा. 'थरार'मध्ये अंग कापतं. 'उत्कंठा' म्हणजे कंठ वर, मान उंचावून वाट बघणं. 'रोमांच' म्हणजे केस उभे राहणं. 'रहस्य' मात्र 'रहस्' वरून, म्हणजे एकांतातलं, आडोशाचं. चारांपैकी तीन शब्द शरीरात राहतात आणि एकटा रहस्य बाहेर, बंद खोलीत. माझ्या मते म्हणूनच तो या पुस्तकांना कमी पडतो. आणि 'थ्रिल'च्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आपल्याकडे काय आहे? 'खिळवून ठेवणारी'. त्यात सरळ खिळाच आहे.

कारंजा
'रोमांच' नको. हिंदीत तो चालतो. मराठी मुखपृष्ठावर 'रोमांचक' वाचून माझ्या भाचीने प्रेमकथा म्हणून पुस्तक उचललं होतं. आपल्याकडे तो रोमँटिकच्या बाजूला झुकलाय.

अंजनेरी
झुकला असेल, पण सोडून का द्यायचा? 'अंगावर काटा आला' हे आपण रोज बोलतो, रोमांच त्याचाच संस्कृत भाऊ. वर कोणी म्हटलं नाही, पण म्हटलं जातं म्हणून लिहितो: 'थरार' हा 'थ्रिल'वरून आलेला नाही. थरथर, थरकाप, थरारणे हे घराणं आपलं आहे. आवाज जुळतो एवढंच.

व्याकरणप्रेमी
मूळ प्रश्न 'पेज-टर्नर'चा होता. इंग्रजीला त्यासाठी नाम लागतं, मराठीला लागत नाही. मराठीकडे शक्य क्रियापद आहे: करवणे, बसवणे, बघवणे. 'मला बघवत नाही' यात बघायचं नाही असं मी ठरवलेलं नसतं, ते माझ्याच्याने होत नाही. 'खाली ठेववत नाही' तसंच. पुस्तकाने वाचकाचा ताबा घेतला आणि वाचकाची इच्छा बाजूला पडली, एवढा सगळा अर्थ त्या एका 'ववत'मध्ये आहे. पासधारकांच्या 'सुटत नाही'मध्येही तेच, तिथे तर वाचक वाक्यातूनच गेलाय. मलपृष्ठावर सरळ लिहा: 'हातात घेतली की खाली ठेववत नाही.' नामाला नामच दिलं पाहिजे असं अनुवादाचं कुठलंही शास्त्र सांगत नाही.

भगूरचा
मलपृष्ठावर जागा एका शब्दाची आहे.

व्याकरणप्रेमी
जागा वाढवता येते. भाषेचा कणा वाकवता येत नाही.

शब्दवेडी
'ठेववत नाही' मनापासून आवडलं, संपादकांकडे पाठवते. पण व्याकरणप्रेमींनी क्रियापद काढलंच आहे तर या पुस्तकातली खरी अडचण सांगते, जी मलपृष्ठाहून मोठी आहे. पहिल्या तीन प्रकरणांत खुनी पुरुष की बाई हे लेखक कळू देत नाही. इंग्रजीत ते सोपं, त्यांचं क्रियापद लिंग सांगत नाही. मराठीत 'आला' लिहिलं की पुरुष, 'आली' लिहिलं की बाई, पहिल्याच ओळीत पितळ उघडं. मी सगळीकडे 'व्यक्ती' वापरलं: 'ती व्यक्ती जिना चढली'. पण आठ पानं व्यक्ती-व्यक्ती वाचून जिना चढायचा कंटाळा येतो.

व्याकरणप्रेमी
वा, हा खरा प्रश्न! सकर्मक क्रियापद भूतकाळात घ्या. 'मारेकऱ्याने दार उघडलं', 'मारेकऱ्याने दिवा घालवला'. इथे क्रियापद दाराचं आणि दिव्याचं ऐकतं, मारेकऱ्याचं नाही. लिंग आपोआप झाकलं जातं. अडचण फक्त येणं-जाणं-बसणं अशा अकर्मकांची, आणि 'त्याने/तिने' येणार नाही याची. सर्वनाम टाळायचं.

गोदातीर
पण मग मारेकरी सतत काहीतरी उघडत, उचलत, फेकत राहणार. तो नुसता उभा कसा राहणार? आणि अशा कथांत नुसतं उभं राहणं सर्वांत भीतिदायक असतं.

व्याकरणप्रेमी
उभं राहायचं असेल तर वस्तूला कर्ता करा. 'पावलांचा आवाज थांबला.' 'दाराखालचा उजेड झाकला गेला.'

सातपूर
'मारेकरी' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. क्रियापदाने कितीही झाकलं तरी शब्दच चुगली करतो. आणि उलट 'व्यक्ती', 'आकृती', 'सावली' हे तिन्ही स्त्रीलिंगी. सारखं 'ती सावली सरकली' वाचलं की चलाख वाचक म्हणेल, बाई दिसतेय. पेन्सिलवाल्याला पहिल्या पानावर लिहायची गरजच नाही.

कारंजा
नाही पटत. 'ती व्यक्ती' ऐकून बाई आहे असं कोणाला वाटतं? चौकीत रोज 'अज्ञात व्यक्तीविरुद्ध गुन्हा दाखल' होतो.

पासधारक
चौकीत 'अज्ञात इसम' म्हणतात. इसम म्हटलं की पुरुष.

सातपूर
बरोबर. 'इसम'चं स्त्रीलिंग पंचनाम्यात 'महिला'. तिथेही सुटका नाही.

शब्दवेडी
आत्ताच एक परिच्छेद सकर्मक क्रियापदं आणि वस्तू-कर्ते घेऊन लिहून बघितला. घाईत आहे, बघा:
'दाराची कडी हलली. हातमोज्यातल्या बोटांनी ती सावकाश वर उचलली. आतल्या खोलीत रेडिओ चालू होता. पावलं उंबऱ्याशी थांबली. मग चटईवर वजन पडलं आणि फरशी किंचित कुरकुरली.'

गोदातीर
चांगलं आहे. माणूस न दिसता फक्त हालचाल दिसते, हे मूळच्या इंग्रजीहून जास्त अंगावर येतं. आपल्या भाषेची अडचण इथे तुमच्या कामाला आली.

अंजनेरी
फरशी कुरकुरत नाही. कुरकुरते लाकडी जमीन, ती त्यांच्या घरांत असते. शहाबादी फरशीवर पाऊल पडलं तर फार तर घासल्याचा आवाज येईल.

शब्दवेडी
गोष्ट तिकडचीच आहे, घर लाकडी जमिनीचं आहे. मग 'फळी कुरकुरली'?

अंजनेरी
'फळी' म्हटली की भिंतीवरची, बरण्यांची वाटते. 'तक्तपोशी' बघा. जुन्या वाड्यांत लाकडी जमिनीला म्हणायचे.

कारंजा
आमच्या वाड्यात तक्तपोशी म्हणजे छताची फळकुटं. खालून बघितलं तर छत.

अंजनेरी
वरच्या मजल्यावरून बघितलं तर जमीन. एकाच लाकडाच्या दोन बाजू.

सातपूर
या प्रसंगात वाचक 'तक्तपोशी'पाशी थांबेल. खुनी उंबऱ्यात उभा असताना त्याला कोश उघडायला लावू नका.

भगूरचा
तीन पिढ्यांपूर्वी कोणीही थांबलं नसतं. वापरला नाही तर पुढचेही थांबतील. शब्दवेडी, 'तक्तपोशी'च ठेवा.