मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब? तुमचे अनुभव सांगा

रंकाळाकाठ
काल भाचा पृथ्वीगोलावर दोरा ताणून मुंबई-न्यूयॉर्क मोजत होता. दोरा सरळ पश्चिमेला जाईचना, वर नॉर्वे गाठून आइसलंडवरून खाली उतरला. बघितलं आणि आई आठवली. २०१४ ला पहिल्यांदा विमानात बसली तेव्हा पडद्यावरचा नकाशा बघून मला कोपर मारून म्हणाली, "अगं, हा वर वर कुठं चाललाय? वाट चुकला का काय?" तेव्हा मला सांगता आलं नाही. पृथ्वी गोल, म्हणून तीच जवळची वाट, हे काल दोऱ्यानं दाखवलं.

१२,५०० किलोमीटर, १६ तास. पण कोल्हापुरातल्या घरातनं आदल्या दिवशी दुपारी निघालेलो, मुंबईला पोचायलाच ९ तास गेले. दारापासून दारापर्यंत ३२ तास. तिकडं उन्हाळाभर आईनं मनगटावरचं घड्याळ बदललं नाही. तिथल्या दुपारी साडेबाराला घड्याळात रात्रीचे दहा बघून म्हणायची, "अंबाबाईची शेजारती सुरू झाली असंल."

आई जाऊन तीन वर्षं झाली. लिहा तुम्हीपण.

कागलकर
येताना वेळ कमी लागतोय बघा. वरचं वारं पश्चिमेकडनं पूर्वेला, जेट स्ट्रीम. ते पाठीशी लागतंय. लंडनला जाताना सव्वानऊ तास, येताना साडेआठ. अंतर तेच, ७,२०० किमी.

पंचगंगा_घाट
ऑगस्ट २०१९. मुलीचं बाळंतपण मेलबर्नला, तिकीट हातात आणि शिरोलीजवळ हायवेवर पाणी. पुढं ट्रकांची रांग, डबा तिथंच उघडून खाल्ला. विमान गेलं. नातू झाला ते फोनवर कळलं. आजपण ते पाणी आठवलं की पोटात गोळा येतोय.

रंकाळाकाठ
काकू, वाचून डोळ्यात पाणी आलं. नातू केवढा झाला आता?

पंचगंगा_घाट
शाळेत जातोय. मराठी बोलतोय बरं का.

भटक्या
मी २०१७ ला दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. आधी विमान अटलांटिकवरून जायचं, २०१६ पासून पॅसिफिकवरून नेऊ लागले. वाट लांबली, १५,००० च्या वर, पण वारं पाठीशी म्हणून साडेचौदा तासांत पोचायचं. येताना अटलांटिकवरून, म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणाच झाली. पहाटे निघालो आणि त्याच तारखेच्या पहाटे उतरलो! मध्ये वार बदलायची रेषा ओलांडतो ना.

कागलकर
भावा, लई भारी. वाढदिवस असता तर दोनदा केक 😄

सुगरण
कुकर लावलाय, पटकन विचारते. कांदा-लसूण चटणी बॅगेतनं नेता येते का? पुढच्या महिन्यात जायचंय.

पंचगंगा_घाट
मी दरवेळी नेते. हँडबॅगेत नको, मोठ्या बॅगेत ठेव. दोन पिशव्यांत बांध, वर जुना टॉवेल गुंडाळ. पहिल्यांदा नुसतीच ठेवलेली, जावयाचे शर्ट लाल झाले. आणि तिकडं उतरल्यावर फॉर्मवर खायचं आहे म्हणून लिही, लपवू नको.

सुगरण
बरं झालं विचारलं. शिट्टी झाली, येते.