भाच्याच्या डोक्यातलं पाणी: शंट की दुर्बिणीचं ऑपरेशन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भाचा सहा वर्षांचा. दोन महिने रोज सकाळी उठला की उलटी, उलटी झाली की बरं वाटून पोहे मागायचा, म्हणून आम्ही पित्तच समजत बसलो. मग चालताना झोक जायला लागला तेव्हा एमआरआय केला, तर लहान मेंदूत गाठ, आणि तिने चौथ्या व्हेंट्रिकलची (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीची) वाट अडवून पाणी मागे तुंबलेलं. गाठ काढून आज नववा दिवस, रिपोर्ट मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मेंदूचा कॅन्सर, आलाय. रेडिएशनचं नंतर, आधी हे पाणी निस्तरायचंय.

ईव्हीडी म्हणजे डोक्यातलं पाणी बाहेर पिशवीत काढणारी नळी अजून आहे. पिशवीची उंची कानाच्या लेव्हलने लावतात, परवा ताईने भरवायला बेड जरा वर केला तर सिस्टर धावतच आल्या, आधी नळी बंद करायची म्हणे. दोनदा क्लॅम्प करून, म्हणजे नळी बंद ठेवून पाहिली, दोन्हीदा संध्याकाळपर्यंत डोकं दुखून पोरगं सुस्त. जास्त दिवस ठेवली तर इन्फेक्शनची भीती, म्हणून सोमवारपर्यंत ठरवा म्हणालेत.

ईटीव्हीत दुर्बिणीने आतच भोक पाडून पाण्याला दुसरी वाट देतात, नळी राहत नाही. व्हीपी शंटमध्ये कातडीखालून पोटापर्यंत कायमची नळी. ताईला अर्थातच पहिलं हवंय, डॉक्टर शंट म्हणतायत. का बरं? कुणी यातून गेलंय का?

सायली_के: दादा, गाठ निघाली की बहुतेक पोरांची वाट मोकळी होते. पण काहींचं पाणी वाट मोकळी असूनही शोषलंच जात नाही, मग भोक पाडून उपयोग काय? डॉक्टरांना एवढंच विचारा, वाट अडलीय की शोषलं जात नाहीये. आमच्या लेकीला चार वर्षांपूर्वी शंट घातला, शहाजहानपूरला बनतो तो छाब्रा नावाचा, साधाच. महागडा प्रोग्रॅमेबल (बाहेरून चुंबकाने सेटिंग बदलता येतं तो) घेतलात तर दर एमआरआयनंतर सेटिंग तपासावं लागतं आणि या आजारात एमआरआय तर सारखेच. लेकीचा एकदा ब्लॉक झाला, परत तीच सकाळची उलटी, पण यावेळी पित्त म्हणत बसलो नाही, थेट कॅज्युअल्टी. ईटीव्हीचं भोकही बुजू शकतं हां, लक्ष दोन्हीत ठेवावं लागतं.

धागाकर्ता: थँक्स ताई, उद्या राउंडला हेच विचारतो. तो शंट हाताला लागतो का? आमची ताई रोज त्याच्या डोक्याला तेल चोळायची, तेच विचारत होती.

सायली_के: लागतो, कानामागे छोटा उंचवटा. टाके नीट भरेपर्यंत तेल नको, नंतर डॉक्टरांना विचारून आम्ही लावायला लागलो, फक्त तिथे चोळत नाही.