सोसायटी ग्रुप : समीरच्या आईंच्या ऑपरेशनबद्दल

विद्या काकू (ए-१०४): समीर, आईंना आयसीयूतून बाहेर आणलं का रे?

समीर (बी-५०३): हो काकू, आज वॉर्डात आणलंय. या दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनळीत स्टेंट (बारीक नळी) टाकला. इथले सर्जन म्हणतात, पित्ताशय काढताना पित्तनळीला इजा झालीय. आधीच्या डॉक्टरांकडे डिस्चार्जनंतर दोनदा नेलं होतं. ताप, पोटात दुखणं, डोळे पिवळे. दोन्ही वेळा गॅस झालाय म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं.

नितीन (बी-१०२): सोडू नकोस. केस ठोक.

नितीन: (फॉरवर्ड) डॉक्टरांची चूक, पेशंटच्या नवऱ्याला ६ कोटी!!! सगळ्या ग्रुपवर पाठवा 🙏

संजय (सी-३०३): हा मेसेज डिलीट केला आहे.

मोहन काका (सी-२०१): बरं केलंस संजय, पण मी वाचला तो. वीस-पंचवीस जणांनी जाऊन काचा फोडायच्या गोष्टी ग्रुपवर नकोत. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. हॉस्पिटलात मारहाण, तोडफोड केली तर अजामीनपात्र गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तू आत जाशील आणि समीरची तक्रार राहील बाजूला.

डॉ. मेधा (ए-६०१): कुणाला आवडणार नाही, तरी बोलते. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना नळीला इजा चांगल्या सर्जनच्या हातूनही होते. सूज असली, सगळं एकमेकांना चिकटलेलं असलं की कुठली नळी कुठली हे ओळखणं कठीण जातं. संमतीपत्रात हे लिहिलेलं असतं, आपण न वाचता सही करतो. नुसत्या इजेवरून निष्काळजीपणा ठरत नाही. पण ऑपरेशननंतर कावीळ आणि ताप घेऊन पेशंट आला तर बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी तरी करायलाच हवी. समीर, सांगितली होती का?

समीर: नाही ताई. ओपीडीच्या कागदावर फक्त औषधं आहेत.

डॉ. मेधा: मग तुझा मुद्दा तो. ऑपरेशनपेक्षा त्यानंतरचे दिवस. ते कागद जपून ठेव, आत्ताच फोटो काढ.

विद्या काकू: म्हणजे नळी कापली ते चालतं? डॉक्टर डॉक्टरचीच बाजू घेणार.

मोहन काका: विद्याताई, कोर्टही असंच बघतं. तेव्हाच्या औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात १९६३ साली बाळंतपणानंतर नसबंदी करताना एका बाईच्या पोटात मॉप, म्हणजे रक्त टिपायचा कापडी बोळा, राहिला. ती गेली. तिथे वस्तू आत राहिली हाच पुरावा, आणखी काय सिद्ध करायचं? पित्तनळीचं तसं नाही. आणि त्या मॉपच्या केसचा सुप्रीम कोर्टातला निकाल कधीचा? १९९६.

नितीन: काय सांगता काका 😳

मोहन काका: तुझ्या फॉरवर्डमधले सहा कोटी कुणाल साहांच्या केसमधले दिसतात. पत्नी गेली १९९८ ला, निकाल २०१३ ला. गृहस्थ स्वतः डॉक्टर, अमेरिकेत राहणारे, पंधरा वर्षं हटले नाहीत. तो आकडा इथे धरून चालू नका. पण समीर, ग्राहक म्हणून तक्रार तुलाही करता येते.

सेक्रेटरी: मध्येच बोलतोय, माफ करा. उद्या टाकीची सफाई आहे, पाणी दुपारी येईल.

समीर: काका, आमचं तर कॅशलेस होतं. बिल विमा कंपनीने भरलं. मग मी ग्राहक कसा?

मोहन काका: ग्राहकच. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असं ठरवणाऱ्या १९९५ च्या शांता निकालात सुप्रीम कोर्टाने तेही सांगून ठेवलंय, विम्यातून पैसे गेले तरी सेवा फुकट ठरत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत २ वर्षं, पण तेवढं थांबू नकोस. पोलिसांकडे धावण्यात मला अर्थ दिसत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून फौजदारीला घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतात.

शिंदे काका (ए-३०२): आयोगातसुद्धा चपला झिजतात. मेव्हण्याच्या वेळी कित्येक महिने खुर्चीवर सदस्यच नव्हते. तयारी ठेवून जा.

समीर: फाइल मागितली तर काउंटरवर म्हणाले, कोर्टाची ऑर्डर आणा.

मोहन काका: काही ऑर्डरबिर्डर लागत नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे, पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. तोंडी मागू नकोस, अर्ज दे. केसपेपर, ऑपरेशन नोट्स, भुलेची नोंद, नर्सिंग चार्ट, संमतीपत्र, सगळं नावानिशी लिही.

डॉ. मेधा: दुर्बिणीचं रेकॉर्डिंग केलं असेल तर तेही माग. मग सगळं बाहेरगावच्या सर्जनला दाखव. इथलं कोणी लेखी मत देईल असं मला वाटत नाही. मीही दिलं नसतं. मी भूलतज्ज्ञ, शाखा वेगळी, हे झालं एक कारण. दुसरं म्हणजे त्या हॉस्पिटलात माझ्या केसेस असतात.

विद्या काकू: बोललीस हे बरं केलंस गं.

समीर: काका, असं चालेल? "महोदय, आपण माझ्या आईच्या जिवाशी खेळलात. तिची संपूर्ण फाइल लवकरात लवकर द्यावी."

मोहन काका: पहिलं वाक्य काढ. कागद मागतोयस, भांडण आत्ता नको. "लवकरात लवकर" खोडून "७२ तासांत" लिही. अर्ज आईंच्या नावाने, सही त्यांची, हात थरथरत असेल तर अंगठा. दोन प्रती ने आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारीख घे. देत नसतील तर स्पीड पोस्ट, पोचपावतीसह.

संजय: मी जातो समीरबरोबर. बघू शिक्का कसा देत नाहीत.

मोहन काका: तू गाडीत बसून राहा.