‘सुपोषण’: तळं मरतंय आणि शब्द मात्र शुभ?

दांडियाबाजारकर: मंडळी, अडलोय. गणपतीत आमच्या बडोद्यातल्या मंडळात पाण्याच्या प्रदूषणावर फलक लावायचेत. मूळ मजकूर गुजराती, मराठी करायचं माझ्या गळ्यात पडलंय. ‘युट्रोफिकेशन’ला, म्हणजे तळ्यात शेवाळ बेसुमार वाढतं त्याला, परिभाषेत ‘सुपोषण’ सापडला. आता ‘तलावाचे सुपोषण झाल्याने मासे मेले’ असं लिहिलं की आजी विचारणार, एवढं खाऊनपिऊन सुखी होते तर मेले कशाने? अंगणवाडीच्या भिंतीवर हाच शब्द गुटगुटीत बाळाच्या चित्राखाली असतो हो!

वाडीकर: सरळ ‘विषारी पाणी’ लिहा. लोकांना कळतं.

रावपुऱ्याची: कळेल, पण चुकीचं कळेल. ग्रीक ‘युट्रोफॉस’ म्हणजे चांगलं पोसलेलं. ‘सु’ तिथूनच आलाय. सांडपाणी, कपड्यांची पावडर, शेतातलं खत यांतून नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) पाण्यात उतरतं. ते विष नाही, वनस्पतींचं खाणं आहे. त्यावर शेवाळ फोफावतं, मरून तळाशी बसतं, आणि ते कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. रात्री ऊन नसल्यामुळे शेवाळही ऑक्सिजन फक्त घेतं, देत नाही. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसतात.
यात स्फुरदाचा वाटा केवढा, ते डेव्हिड शिंडलर यांनी कॅनडात १९७३ साली सुरू केलेल्या प्रयोगात दिसलं. एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नत्र, दुसरीकडे त्यांच्या जोडीला स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवीगार!
(काही निळंहिरवं शेवाळ स्वतःच विष तयार करतं, तेव्हा वाडीकरभाऊ, तुम्ही अगदीच चुकलात असंही नाही.)

वाडीकर: बरं झालं, थोडा तरी वाचलो. पण आपल्या विश्वामित्री नदीत मगरी आरामात असतात. पाणी इतकं वाईट असतं तर त्या राहिल्या असत्या का?

रावपुऱ्याची: मगर फुप्फुसांनी श्वास घेते, नाक पाण्याबाहेर काढून. पाण्यातला ऑक्सिजन गेला तरी तिचा श्वास अडत नाही, माशाचा अडतो. मगर दिसली म्हणजे पाणी चांगलं, असं नसतं.

दांडियाबाजारकर: शास्त्र कळलं, शब्द अजून लटकलेलाच. ‘अतिपोषण’ कसा वाटतो?

जुना बडोदेकर: ‘सुपोषण’पेक्षा बरा, पण त्यात लठ्ठपणाचा वास येतो. मला तर ‘तळ्याला अजीर्ण झालं’ म्हणावंसं वाटतं. सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली, राज्यकारभाराच्या शब्दांसाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला, तोही आठ भाषांत. असलं अजीर्ण त्यात घेतलं असतं का, शंकाच आहे.

जळगावची लेक, बडोद्याची सून: काका, अजीर्ण छान आहे, पण माहेरी याला तयार शब्द आहे. कपाशीला युरिया जास्त झाला की बाबा म्हणतात, ‘झाड माजलं’. पाला भरपूर, बोंडं कमी. पाण्यातही तेच होतं, शेवाळ माजतं. त्या शब्दात वाढही आली आणि मस्तीही.

रावपुऱ्याची: वा, वहिनी! फक्त माजतं ते शेवाळ, तळं नव्हे. कर्ता सांभाळा.

दांडियाबाजारकर: आणि शेवाळ की लील? आमच्या घरात गुजरातीतला ‘लील’च चालतो. ‘पायरीवर लील आहे, जपून’ हे ऐकतच वाढलो.

जुना बडोदेकर: फलकावर शेवाळ लिही. लील तोंडी असू दे, समजावून सांगताना कामी येईल.

दांडियाबाजारकर: हे बघा, जमतंय का:
‘सांडपाण्यातून आणि खतांतून तळ्याला गरजेपेक्षा जास्त खाद्य मिळते. शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात.’
‘सुपोषण’ खाली बारीक अक्षरांत, ‘परिभाषेतील शब्द’ म्हणून.

वाडीकर: बारीक नको रे, आजीला चष्मा आहे.